कुंभाराचा हात आणि ऐकायचा राहिलेला शब्द

दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमेच्या काठाला एक गाव आहे. तिथल्या एका कुटुंबाच्या चार एकर काळ्या रानाची ही हकीकत. गावाचं आणि घराचं नाव देत नाही, बाकी सगळं घडलं तसं मांडते. नदीवरून पाईपलाईन आणून त्या रानात वीसेक वर्षं ऊस झाला. मग टनेज घसरत गेलं, खोडवा नीट फुटेना, आणि शेवटी ओढ्याकडच्या निम्म्या तुकड्यात पेरलेलं उगवेनासं झालं. मालक मातीची पिशवी घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले आणि एवढंच म्हणाले, "म्याडम, रान मेलंय का झोपलंय, तेवढं सांगा."

नीट उत्तर द्यायला मला दोन वर्षांच्या वर काळ लागला. त्यातला बराचसा काळ मी अर्धं उत्तर हातात धरून पूर्ण उत्तर सापडल्यासारखी वागले. उपकरणांचा त्यात दोष नव्हता. मी कुठल्या घरातून आले, कुठली भाषा बोलते आणि सोलापूरच्या मातीबद्दल मला काय शिकवलं गेलं, यातून ते अर्धं उत्तर आलं होतं, आणि उरलेलं अर्धं हरवलंही त्याच्यामुळेच. मातीच्या नमुन्याच्या पिशवीत एक चिठ्ठी असते: गट नंबर, खोली, मागचं पीक, तारीख, नमुना घेणाऱ्याचं नाव. तो माणूस कुणाच्या अंगणात वाढला, हे त्या चिठ्ठीवर नसतं. या प्रकरणात ते लिहिलेलं असायला हवं होतं, म्हणून आधी तेच सांगते.

माझं माहेर बार्शी तालुक्यातलं, घर कुंभाराचं. तळ्यातला गाळ काढायचा, वाळवायचा, कुटायचा, चाळायचा, भिजत घालायचा, राख आणि लीद मिसळून तुडवायचा, हे सगळं मी चालायला लागल्यापासून पाहिलंय. गोरोबाकाकांचं तेर आमच्यापासून लांब नाही. संतांच्या डोक्यावर थापटून कुठलं मडकं कच्चं आणि कुठलं पक्कं हे काकांनी सांगितलं, ती गोष्ट आमच्या घरात अण्णा भक्तीची म्हणून सांगायचे आणि धंद्याची म्हणूनही. हाताला आणि कानाला कळलं पाहिजे, हा तिचा अर्थ.

नवीन ठिकाणची माती आली की अण्णा एक काम हमखास करत. सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ घ्यायचं, पितळीत पाणी ओतायचं आणि ढेकूळ अलगद आत सोडायचं. हलवायचं नाही, बोट लावायचं नाही. चहा होईपर्यंत बसून बघायचं. चांगल्या मातीचं ढेकूळ फुगतं, त्याच्या कडा सुटतात, बारीक कणी होऊन ते खाली बसतं आणि वरचं पाणी नितळ राहतं. दुसऱ्या जातीचं ढेकूळ मात्र दुधासारखं विरघळायला लागतं. त्याच्याभोवती आधी धुराचं कडं दिसतं, मग ते कडं पसरत जातं, आणि सगळं पाणी गढूळ होऊन संध्याकाळपर्यंत तसंच राहतं. अण्णा म्हणायचे, "ही माती स्वतःला धरत नाही, ती मडक्याला काय धरणार?" पाणी पावसाचंच घ्यायचं, विहिरीचं नाही, हा त्यांचा नियम होता. कारण मला कृषी महाविद्यालयात कळलं. खाऱ्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना चिकटून राहतात आणि ढेकळाची खोड झाकली जाते.

जी माती अशी दुधाळ विरघळते, तिच्या चिकणकणांवर सोडियम जास्त बसलेलं असतं. शेतकरी तिला चोपण म्हणतात. ओली असली की लोण्यासारखी चोपडी, वाळली की दगड, वर पापुद्रा, आणि पाणी घातलं तर ते खाली न उतरता तळ्यासारखं साचून राहतं. पुस्तकात हे कणांवर बसलेलं, म्हणजे विनिमययोग्य, सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलं की जमीन चोपण धरतात. आपल्या काळ्या मातीतला चिकणकण इतका फुगणारा आहे की त्याहून कमी सोडियमलाही ती त्रास देऊ लागते.

आता यातली दुसरी बाजू. जुन्या गावगाड्यात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाचं रान, पांढरी म्हणजे वस्ती. आम्ही बलुतेदार, आमचं सगळं पांढरीत. आमच्या नावावर कधी सात-बारा नव्हता. माती आमच्याकडे पाटीतून यायची, जागेवरून उचलून आणलेली. तिचं वरचं शेत कुणाचं, खालचा ओढा कुठे, पलीकडून पाझरून काय येतं, याच्याशी कुंभाराला देणंघेणं नसतं. माती म्हणजे हातात मावणारा गोळा, ही माझी पहिली समजूत. तिच्यावर पुढे पदव्या चढल्या, तरी खाली ती तशीच राहिली होती.

पहिली भेट

मी त्या रानात पहिल्यांदा गेले ते श्रावणात, नागपंचमीच्या दिवशी. दिवस मीच ठरवला होता, कॅलेंडर न बघता. दीड मीटर खोल खड्डा घेऊन मातीचे थर बघायचे, असा बेत होता. मालकांच्या आईने टिकाव बघितला आणि त्या बांधावरच उभ्या राहिल्या. आज रानात लोखंड लावायचं नाही, नागाला इजा होते. त्या घरातल्या बायका सकाळीच वारुळाला जाऊन आल्या होत्या. नागपंचमीला आमच्याही घरी चाक फिरत नाही, त्यामुळे मला ते लगेच पटलं. खड्डा राहिला. दोन दिवसांनी परत जाऊन तो घ्यायला काहीच अडचण नव्हती. पण मी गेले नाही, कारण माझं मन तोवर ढेकळावर बसलं होतं. हा भाग माझ्या घाईचा आहे, त्यांच्या सणाचा नाही. श्रावणातल्या त्या खड्ड्यात जे दिसलं असतं त्यासाठी मला पुढे जवळपास दीड वर्ष थांबावं लागलं.

मालकांकडे जमिनीची आरोग्य पत्रिका होती. २०१५ मध्ये ही योजना सुरू झाली आणि तिने लाखो शेतकऱ्यांना पहिल्यांदा प्रयोगशाळेच्या दारात आणलं, त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (pH, म्हणजे आम्ल-विम्लपणा), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. विनिमययोग्य सोडियम त्यात नाही. मातीची खोली नाही, निचरा नाही. बागायती भागात अडीच हेक्टरच्या चौकटीला एक नमुना घेतात, म्हणजे या चार एकरांची पत्रिका शेजारच्या रानातल्या मातीवरही निघालेली असू शकते. शिवाय नमुना घेणाऱ्याला शिकवलेलं असतं की बांध, झाडाखालची जागा, उकिरडा आणि पाणथळ जागा टाळायची. सरासरी काढायची तर ते बरोबरच आहे. पण दुखणं पाणथळ जागेतच असेल तर? पत्रिकेवर सामू थोडा चढा होता, आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात चढा सामू बघायची सगळ्यांना सवय असते.

मी ओसरीवर बसून दोन वाट्यांत ढेकळं सोडली. वरच्या तुकड्यातलं आणि ओढ्याकडच्या तुकड्यातलं. पाणी घराच्या पत्र्यावरून धरलेलं पावसाचं. वरच्या ढेकळाभोवती बारीक कडं आलं. खालच्याचं दहा मिनिटांत दूध झालं. मालक वाकून बघत राहिले, त्यांच्या मुलाने फोनवर व्हिडिओ काढला, आणि मला अण्णांची आठवण येऊन भरून आलं. प्रयोगशाळेत सोडियम मोजलं, खालच्या तुकड्याचा आकडा १५ च्या वरच होता. ज्या दोषाला पत्रिकेत रकानाच नव्हता तो कुंभाराच्या पितळीने दाखवला होता. त्या आनंदात मी एक गोष्ट ऐकूनही ऐकली नाही.

ढेकळं विरघळत असताना मालकांची आई शेजारी बसल्या होत्या. घर कन्नड बोलणारं, मराठी त्यांची बाजाराची भाषा. मी मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवलं होतं. खालच्या तुकड्याकडे हात करून त्या दोन-तीनदा म्हणाल्या, "तितं समदं सवळ-जवळ हाय बाई." माझ्या वहीत त्या दिवशीची ओळ आहे: "आजी: ओढ्याजवळची जमीन खराब." पहिला शब्द मला लागला नाही म्हणून मी तो सोडून दिला. दुसरा लागला असं वाटलं, म्हणून ‘ओढ्या’ हा शब्द माझ्या पदरचा जोडून वाक्य पुरं केलं.

उपाय, आणि येळवस

उपाय नेहमीचा सांगितला. जिप्सम, कारखान्याची मळी, आणि मृगाच्या पावसावर हिरवळीच्या खताचा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या आधी गाडायचा. जिप्सममधलं कॅल्शियम चिकणकणांवर बसतं, सोडियम सुटतं आणि पाण्याबरोबर खाली निघून जातं. ‘निघून जातं’ हे शब्द लिहिताना ते कुठे जाणार, हे मी स्वतःला विचारलं नाही.

पुढच्या वैशाखापासून त्यांनी हे सगळं केलं. खर्च मोठा होता, एक म्हैस विकली. हस्ताच्या पावसावर, वाफसा बघून, मालदांडीची पेरणी झाली. मालदांडी हे या जिल्ह्याचं स्वतःचं वाण. मोहोळच्या संशोधन केंद्रावर गावरान ज्वारीतून निवडून काढलेलं, आणि अजूनही रब्बीत लोक विश्वासाने पेरतात ते. वरच्या तुकड्यात ज्वारी इतकी चांगली उभी राहिली की रस्त्यावरून जाणारे थांबून बघत होते. खालच्या तुकड्यात काही ठिकाणी पानं पिवळी, काही ठिकाणी नुसती जमीन, आणि सकाळच्या उन्हात तिच्यावर पांढरी झाक.

मार्गशीर्ष अमावस्येला त्यांनी मला जेवायला बोलावलं. आमच्याकडे हिला येळवस म्हणतात, त्यांच्या घरात एळ्ळ अमावाशी. सण तोच: कडब्याची कोप, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, बिंदग्यातलं आंबील. खरं सांगायचं तर या सारखेपणानेच मी फसले होते. पांडव तेच, आंबील तेच, म्हणून या घरातलं सगळं मला कळतं असं मी धरून चालले होते.

पूजा झाल्यावर घरचे लोक रानाभोवती आंबील शिंपडत निघाले. आजी पुढे, अनवाणी. मी मागे. खालच्या कोपऱ्याच्या वर वीसेक पावलं असताना त्या वळल्या आणि आडव्या निघाल्या. कोपरा तसाच बाहेर राहिला. मी मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, "आई कैक वर्षं तिकडं जात न्हाई. पायाला गार लागतंय म्हणती." मार्गशीर्षात, पाऊस थांबून दोन महिने झाल्यावर, वरून सुकून पांढरी पडलेली जमीन पायाला गार का लागावी? मी चप्पल काढून त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. वर पापुद्रा कडक, आणि टाच जरा दाबली की खालून थंड ओल चढत होती.

रात्री घरी येऊन पहिल्या भेटीचं रेकॉर्डिंग काढलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे पदव्युत्तर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ऐकवलं. तो अक्कलकोटकडचा, घरात कन्नड. त्याने दोनदा ऐकलं, मग हेडफोन काढून म्हणाला, "मॅडम, आजी ‘जवळ’ म्हणत नाहीयेत. ‘सवळु-जवळु’ म्हणतायत." सवळु म्हणजे खारवट, क्षार फुटलेली जमीन. जवळु म्हणजे पाणी धरून बसलेली, निचरा मोडलेली जमीन. कन्नडमध्ये हे दोन शब्द जोडीनेच येतात, कारण रानात त्या दोन गोष्टी बहुतेक वेळा जोडीनेच येतात.

त्या बाईने पहिल्या दिवशी, पहिल्या तासाभरात, रोगाचं नाव कारणासकट सांगितलं होतं. मी त्यातला एक शब्द टाकला आणि दुसऱ्याला मराठी करून टाकलं. ती वही आज माझ्या टेबलावरच असते.

त्याच आठवड्यात ऑगर, म्हणजे मातीत भोक पाडायचं गिरमिट, घेऊन खालच्या कोपऱ्यात भोक पाडलं. गुडघाभर खोलीवर पाणी लागलं. तिथे सोडियम सुटून जाणार कुठे? खाली पाणीच उभं. उन्हाने वरची ओल उडते, खालचं पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं आणि ते वर टाकून जातं. जिप्समने सोडवलेलं सोडियम त्या कोपऱ्यात तिथल्या तिथे फिरत राहिलं होतं. वरच्या तुकड्याला उतार होता, निचरा होता, म्हणून तिथे तेच औषध लागू पडलं. आधी पाण्याला वाट, मग जिप्सम, हा क्रम चोपण जमिनीच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानांवर असतो. मला तो पाठ होता. तरी सुचला नाही.

का सुचला नाही

एक कारण वर सांगितलं: कुंभाराची माती पाटीत असते, उतारावर नसते. माझ्या हाताला गोळा कळला, रान कळलं नाही.

दुसरं कारण माझ्या एकटीचं नाही, सोलापूरच्या मातीशास्त्राचंच आहे. आमचं शास्त्र तहानेतून जन्मलं. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचं काम सुरू झालं. १९३३ मध्ये सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक अशी पाच केंद्रं उभी राहिली. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी इथे बांधबंदिस्ती, खोल मशागत, पातळ पेरणी, वारंवार कोळपणी यांची जी पद्धत बसवली ती आजही आमची बाराखडी आहे. पाऊस अडवा, जिरवा, ओल धरून ठेवा. भेगा बुजवा म्हणजे ओल उडणार नाही. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्गात सांगतो. याच जिल्ह्यात दुष्काळात कोठारं खुली करणाऱ्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट मुलं शाळेत जाण्याआधी ऐकतात, आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं अजून घराघरांत आहेत. अशा ठिकाणी माती बघितली की पहिला प्रश्न मनात येतो तो एकच: हिला पाणी पुरतं का? १९८० मध्ये उजनीचं धरण पुरं झालं, ऊस आला, कारखाने आले, नदीकाठची रानं बारमाही ओली झाली. आमचा पहिला प्रश्न मात्र बदलला नाही. पाणी जास्त झालं असेल, ही शंका सोलापुरात शिकलेल्या माणसाच्या मनात सहज येत नाही. जास्त पाणी इथे कुणाला तक्रार वाटतच नाही, ते नशीब वाटतं. आजींच्या भाषेत त्या दुखण्याला शब्द होता, माझ्या शिक्षणात तो होता पण मागच्या बाकावर बसलेला.

माझ्या कुंभारपणाने चूक झाली, म्हणून तो बाजूला ठेवायचा, असं काही सहकाऱ्यांनी सुचवलं. मला ते पटत नाही. पितळीतल्या ढेकळाशिवाय हे रान ‘सामू किंचित जास्त’ एवढ्या शेऱ्यावर आणखी दहा वर्षं पडून राहिलं असतं. शास्त्रज्ञ रानात जातो तेव्हा त्याचं घर त्याच्याबरोबर जातंच, नाकारल्याने ते मागे राहत नाही. म्हणून आता आमच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर तीन ओळी वाढवल्या आहेत. या जागेला घरातले लोक काय म्हणतात, तो शब्द त्यांच्याच भाषेत, ऐकू आला तसा. नमुना घेणाऱ्याला ती भाषा येते का. आणि कुठली जागा टाळून नमुना घेतला. तिसऱ्या ओळीने सगळ्यात जास्त काम केलंय. टाळलेल्या जागांची यादी वाचायला लागल्यापासून मला निम्मी दुखणी तिथेच सापडतात.

चर

कारण कळलं तरी काम सोपं नव्हतं. कोपऱ्यात येणारं पाणी वरच्या अंगाच्या रानातून पाझरत होतं. तिथे मालकांच्या चुलत भावाचा ऊस, त्याला मोकाट पाटपाणी. आणि कोपऱ्यातून ओढ्यापर्यंत चर काढायचा तर तो दुसऱ्या चुलत भावाच्या बांधातून जाणार. जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकायचा खर्च एका घराला झेपणारा नव्हता, म्हणून उघडा चर. त्यावर तीन बैठका झाल्या. पहिल्या दोन बैठकांत मी सामू आणि सोडियमचे आकडे घेऊन गेले. सगळ्यांनी मान डोलावली आणि चहा पिऊन उठले.

तिसऱ्या बैठकीला मी चार वाट्या नेल्या. भावकीतल्या चारही रानांतलं एकेक ढेकूळ, नावाची चिठ्ठी लावून, पावसाच्या पाण्यात सोडलं. वरच्या अंगाच्या उसातलं ढेकूळही कडेने दूध सोडायला लागलं होतं. ज्याचा तो ऊस, तो भाऊ वाटीकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने आजींना कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, आणि आजींनी हाताने उतार दाखवत लांबलचक उत्तर दिलं. त्यातलं मला एवढंच कळलं: सवळु, जवळु. चर फाल्गुनात खणला गेला. उसावाल्या भावाने ठिबकचा अर्ज केलाय, मंजुरी यायची आहे. तोवर तो एकाआड एक सरीला पाणी देतो.

खालच्या कोपऱ्यात भोकं पाडलेली एक प्लास्टिकची नळी उभी पुरली आहे. तीत काठी सोडून पाणी किती खोल आहे ते आजी दर आठवड्याला मोजतात. फुटात नाही, वितीत. कन्नडमध्ये वितीला गेण म्हणतात, एवढं मी शिकले आहे, आणि दहापर्यंतचे आकडे. सुरुवातीला फोनवर ‘एरडु गेण’ ऐकू यायचं, म्हणजे दोन वीत. सहा गेण झाल्याशिवाय दुसऱ्यांदा जिप्सम मागवायचं नाही, असं आमचं ठरलंय. परवा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत नमुने कुटत होते. पलीकडून आजींनी नेहमीसारखा नमस्कार न करता आधी आकडाच सांगितला: "मूरु गेण."

मी तो वहीत लिहिला, तसाच, आणि त्यांना परत म्हणून दाखवला.